‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : मतदार नोंदणीच्या नमुना 6 मध्ये आपण दिलेल्या पत्त्यावर ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असल्याचे लिहून द्यावे लागते. धाकट्या भावाचा अर्ज वाचून दाखवत असताना आईने मला थांबवले. “सर्वसाधारण म्हणजे ओपन न्हवं का? आपला तर ओबीसीचा दाखला हाय.” भाऊ दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे आणि कोल्हापुरातले शिवाजी पेठेतले घर त्याच्याही नावावर आहे. त्याने काय समजायचे? सरळ ‘कायमचा रहिवासी’ असे का म्हणत नाहीत?

उत्तर : आपल्या मातोश्रींची शंका रास्त आहे. ‘सर्वसाधारण’ हा शब्द कोल्हापुरात साखर कारखान्यांच्या आणि दूध संस्थांच्या वार्षिक सभांमुळे घरोघरी पोहोचला असून तिथे त्याचा अर्थ ‘सर्व सभासदांची’ असा होतो; प्रभागांच्या सोडतीत तोच शब्द ‘कोणासाठीही राखीव नसलेला’ असे सांगतो. नमुन्यातला अर्थ या दोहोंहून निराळा, म्हणजे ‘एरवी, नेहमी’ असा आहे. ‘जनरल’ आणि ‘ऑर्डिनरी’ या दोन इंग्रजी शब्दांना मराठीत एकच प्रतिशब्द दिल्यामुळे हा घोळ झाला.

‘कायमचा’ मात्र चालणार नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम 19 अर्हता दिनांकाला (म्हणजे वय मोजण्यासाठी ठरवलेल्या तारखेला) 18 वर्षे पूर्ण झालेली असण्याबरोबर रहिवास मागते, कायमपणा मागत नाही. कलम 20 तर स्पष्टच सांगते की केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास तुटतही नाही. शिरोळ-कागलच्या फडांवर चार-पाच महिने खोपटात राहणारा बीडचा ऊसतोड मजूर म्हणूनच आपल्या गावचाच मतदार राहतो. उलट बिऱ्हाड पुण्यात थाटून केवळ गणपतीला पेठेत उतरणारा आपला भाऊ, सातबारा वा मिळकतपत्रिका काहीही म्हणो, पुण्याचा ठरतो. (आपण पत्त्यात ‘मु. पो.’ लिहितो तेव्हाही ‘मुक्काम’ या तात्पुरतेपणाच्या शब्दाने पिढीजात गावच सांगतो, ही गंमत वेगळी.) माझ्या मते ‘नेहमीचा रहिवासी’ हा नेमका शब्द झाला असता. ‘नित्य’ला पूजेचा वास येतो.

आणखी एक उत्तर : याच कलम 20 मधला दुसरा शब्दही पाहण्यासारखा आहे. सैन्यातील मतदारासोबत राहणाऱ्या ‘पत्नी’ची नोंदणी त्याच्या मूळ गावी होऊ शकत असे, पण महिला अधिकाऱ्याच्या पतीला ती सवलत नव्हती, 2021 च्या दुरुस्तीने ‘पत्नी’च्या जागी पती-पत्नी दोघांनाही लागू पडणारा ‘स्पाउस’ हा शब्द घातला. सैनिक टाकळीसारख्या गावात या एका शब्दाला किती वजन आहे, हे सांगायला नको. मराठीत त्यासाठी अनेक जण ‘जोडीदार’ लिहितात. मला तो पसंत नाही, कारण इथल्या तालमीत जोडीदार म्हणजे रोज अंगाला अंग लावून मेहनत करणारा पैलवान. कायद्यात ‘पती किंवा पत्नी’ असे दोन शब्द खर्च करावेत.