म्हातारं मांजर खातंय तरी झडतंय : तुमचे अनुभव लिहा

तापीकाठ (भुसावळ) : शेजारचा तेरा वर्षांचा बोका आज उचलला, हाताला नुसता कणा लागला. जुनी मनी आठवली. तेव्हाही सगळे "वय झालं" म्हणाले होते. 4 किलोचं मांजर साडेतीनवर आलं तर ते वयाच्या खात्यात टाकू नका. कशाने कळलं, काय तपासलं, लिहा.

पाचोरेकर : आधी वजन. केसांखाली काही दिसत नाही, पोट तर लोंबतच असतं. मांजर घेऊन माणसाच्या काट्यावर उभं राहून वजाबाकी केली की शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि शोधायचेही तेवढेच असतात! प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या, कापडी पिशवीत मांजर, दर पंधरा दिवसांनी, खाण्याआधी. आकडा कॅलेंडरवर. दहावा हिस्सा गेला की दवाखाना.

भरीतवाली : जळगावचे असाल तर सराफाकडे न्या, मिलिग्रॅमपर्यंत कळेल 😄

शिरपूरची मावशी : बराबर शे भाऊ. खादाड झालंय, रात्री ओरडतंय, तरी हडकतंय, तर पहिला संशय थायरॉइडचा. रक्तात टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) बघायला सांगा. गोळीने आटोक्यात येतं, पण सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत टी-फोरबरोबर किडनीही परत तपासा. वाढलेल्या थायरॉइडमुळे किडनीत रक्त जोरात जातं, तिचा बिघाड झाकला जातो. गोळी लागू पडली की तो उघडा पडतो. लोक मग गोळीलाच दोष देतात.

तापीकाठ : पाणी जास्त पीत असेल तर?

शिरपूरची मावशी : किडनी नाहीतर साखर. पण आपल्याकडे मे महिन्यात वाटीतलं पाणी उडूनच जातं, म्हणून सारख्या दोन वाट्या सारख्याच भरा. एक मांजराला, दुसरी शेजारीच पण जाळीखाली. 24 तासांनी दोन्हींतली घट मोजा, जाळीतली वजा करा. 4 किलोच्या मांजराचं 200 मिली निघालं तर रक्ताबरोबर लघवीही तपासा. घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यातच चढते, म्हणून फ्रुक्टोसमीन ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज येतो.

चाळीसगाववाला : दात राहिले की! ताटलीपाशी येतं, हुंगतं, मागे सरकतं. किंवा एकाच बाजूने चावतं, दाणे खाली पडतात. भूक आहे, तोंड दुखतंय. आणि दुखतं म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका, तुकडासुद्धा नाही. मांजर मरतं.

पाचोरेकर : अंगाला लागावं म्हणून दूध-पोळीही नको. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, जुलाब होऊन आणखी घटेल. आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, लिव्हरमध्ये चरबी साचते. गुबगुबीत मांजराला धोका जास्त.

भरीतवाली : उरलेलं भरीतही चाटू देऊ नका. कांद्याची पात, लसूण, दोन्हींनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाकी यंदा वांगी कुठली घेताय? बामणोदची?

चाळीसगाववाला : बामणोदचीच! काडीकचऱ्यावर भाजलेली. गॅसवर तो वास येत नाही.

तापीकाठ : काटा नेऊन दिला. बोका पिशवीत शिरायला तयार नाही.

शिरपूरची मावशी : दोन दिवस जमिनीवर पसरून ठेव, आत मासळीचा तुकडा. आपण होऊन बसेल.