लिगेतींची वाद्यपंचकासाठीची छोटी वादने

हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेतींच्या पाच सुषिर वाद्यांसाठीच्या १९६८च्या 'दहा तुकड्यां'समोर त्याच वाद्यांसाठीच्या १९५३च्या 'सहा बागातेल' (बागातेल म्हणजे छोटेखानी वादनरचना) विद्यार्थिदशेतल्या वाटतात, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. 'मुझिका रिचेरकाता' या अकरा भागांच्या पियानोरचनेतून निवडलेल्या या सहांपैकी पहिली केवळ चार स्वरांवर उभी आहे. षड्ज आणि पंचम यांच्यामध्ये कोमल व शुद्ध असे दोन्ही गंधार एकमेकांना सतत छेडत राहतात, आणि बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न व बसून (खर्जातले सुषिर वाद्य) या पाच वाद्यांच्या भिन्न नादगुणांमुळे ही छेडछाड पियानोपेक्षा येथे अधिक खट्याळ ऐकू येते. पाचवी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकच्या स्मृतीला वाहिलेली असून माझ्या मते तीच सर्वांत गहिरी आहे. १९५६ साली बुडापेस्टमध्ये पाचच वाजवता आल्या. लगतच्या अर्धस्वरांच्या घर्षणाने भरलेली सहावी हंगेरीतल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीला मानवणारी नव्हती. संपूर्ण संच १९६९ मध्ये स्वीडनमध्ये वाजला.

'दहा तुकड्यां'ची मांडणी मात्र निराळी आहे: त्यांतील सम क्रमांकाचा प्रत्येक तुकडा एकेका वाद्याला पुढे आणणारा चिमुकला कन्चेर्तो (एक वाद्य प्रमुख व बाकीची साथीला अशी रचना) आहे, आणि शेवटचा मान बसूनचा. त्यामुळे दोहोंना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.