नाशिकमध्ये केटामाइन उपचार कुठे मिळतील? मदत हवी आहे

माझा मोठा भाऊ सिडकोत राहतो. दारू आणि डिप्रेशन, दोन्ही सोबतच. औषधं बदलून झाली, फरक नाही. आंघोळीलाही उठत नाही, मोबाइलवर मात्र मॅजिक मशरूमचे व्हिडिओ बघत पडतो. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन (याच मशरूममधलं नशा आणणारं द्रव्य) देतात, पण आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याने बंदी आहे. तो कुणाकडून तरी मागवेल, याचीच मला धास्ती.

केटामाइन भुलीसाठी इथे कायदेशीर आहे आणि काही डॉक्टर देखरेखीखाली डिप्रेशनसाठीही देतात. नाशिकमध्ये असं कुणी आहे का? दारू चालू असताना देतात का? त्याचं बीपीही वाढलेलं असतं, आणि केटामाइनचंही व्यसन लागू शकतं म्हणून विचारते. घरातल्या कुणाला दिलं असेल तर कृपया सांगा. मुंबई-पुण्यालाही न्यायची तयारी आहे.