सल्ला हवा: हिडकल धरणात गेलेल्या गावाचे जुने कागद, नकाशे कुठं बघू?

वडगावकरीण:
नमस्कार मंडळी. आईचं माहेर बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात, घटप्रभेच्या काठाला. हिडकल धरणात गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात. आमच्या गावचं काहीच वर येत नाही. आई ऐंशीची झाली, हल्ली रोज तिकडचंच बोलत असते. कुणीतरी म्हणालं, विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आपल्याकडची जुनी पुस्तकं, नकाशे स्कॅन करून फुकट ठेवलेत. दोन रात्री बसले, 'बेळगावी' टाकून शोधलं, तर धरणाचे आणि कुंद्याचे फोटो. नेमकं कुठं शिरायचं, सांगा की. गावाचं नाव लिहीत नाही. भाऊबंद इथंही आहेत, जमिनीचं उकरून काढायलीय म्हणतील.

खानापुरी:
गॅझेटियर बघा, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ. मुंबई इलाख्याचा २१ वा खंड, बेळगाव, १८८४. त्यात सगळं आहे.

निपाणीचा तंबाखू:
सगळं कुठलं हो! गॅझेटियरात मोठी गावं, देवळं, किल्ले. नदीकाठच्या चारशे वस्तीच्या गावाला तिथं कोण विचारतंय? जिल्ह्याचं वळण कळायला वाचा, पण ताईंना हवंय ते तिथं मिळायचं नाही.

ताई, आधी शोधायचे शब्द बदला. 'बेळगावी' २०१४ पासूनचं. १९५६ च्या आधी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा 'कर्नाटक' टाकूनही काही हाती लागत नाही, 'बॉम्बे' टाका. आणि खरी मेख पुढं आहे: त्या काळी जिल्ह्यात सात तालुके, अथणी, बेळगाव, चिकोडी, गोकाक, खानापूर, परसगड, संपगाव. हुक्केरी त्यात नाही! ते चिकोडीत होतं. म्हणजे तुमचं गाव चिकोडीखाली शोधायचं. मी स्वतः सहा महिने चुकीच्या तालुक्यात हिंडलोय.

आता कुठं? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानं जुनी सरकारी प्रकाशनं स्कॅन केलीत. तिथं 'रिव्हिजन सर्व्हे सेटलमेंट' टाका. इंग्रज सरकार दर तीस वर्षांनी सारा, म्हणजे जमिनीचा कर, नव्यानं ठरवायचं, त्याआधी अधिकारी तालुकाभर फिरून अहवाल लिहायचा. अहवाल वाचू नका, झोप येईल. थेट मागच्या तक्त्यांवर जा. गाववार ओळ असते: जिरायत, भात, बागायत, सारा, जवळचा बाजार. छोट्या गावाला तिथंही एक ओळ मिळतेच. फक्त गाव संस्थानी नको. रायबाग कोल्हापूर संस्थानात, शहापूर सांगलीत. असली गावं या अहवालांत नाहीत.

मोडीवाचक:
तंबाखूरावांनी मुद्द्याचं सांगितलं. थोडी भर घालतो.

नकाशासाठी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा पेरी-कास्टानेडा नकाशासंग्रह बघा. अमेरिकन लष्करानं १९५५ पासून छापलेली भारताची मालिका तिथं आहे, प्रमाण १:२,५०,०००. एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, म्हणजे गाव फार तर ठिपक्याएवढं. पण धरणाआधीची नदीची वळणं दिसतात. तुमच्या फोनवरच्या नकाशात तिथं नुसतं निळं पाणी. आईंना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.

दुसरं, शोधपेटीवर भरवसा ठेवू नका. गॅझेटियरात 'हुक्केरी'च्या इंग्रजी स्पेलिंगात एकच के आहे. 'निपाणी'तल्या 'पा'साठी ए अक्षरावर तिरकी रेघ छापलीय, आणि मशिनला ती रेघ वाचताच येत नाही. असलेलं नाव 'नाही' म्हणून सांगतं. अशा वेळी शेजारच्या गावाचं, नदीचं नाव टाकून पानापर्यंत पोचायचं आणि पुढं डोळ्यांनी वाचायचं. हाथीट्रस्टवर, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या सामायिक ऑनलाइन साठ्यावर, पूर्ण पुस्तक उतरवून घेता आलं नाही तरी एकेक पान घेता येतं, तेवढं पुरतं.

जुन्या मराठी शब्दावर अडलात तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शोधता येतो. तिथं मात्र शोध चांगला चालतो.

घरात मोडी कागद असतील तर ते यातलं काही नव्हे. ते कोल्हापूरला पुरालेखागारात जाऊन कुणा जाणत्याला दाखवायचे.

खानापुरी:
म्हणजे माझा सल्ला अगदीच पाण्यात गेला म्हणा की.

निपाणीचा तंबाखू:
हिडकलच्याच!

वडगावकरीण:
तीन आठवड्यांनी लिहितेय. सापडलं! चिकोडीच्या तक्त्यातच होतं. स्पेलिंग असं भलतंच की मी दोनदा पुढं निघून गेले होते. शेवटी आईलाच शेजारची गावं विचारली. ती डोळे मिटून नदीच्या वरच्या अंगानं एकेक नाव सांगत गेली, मी बोट फिरवत गेले आणि तिसऱ्या नावाखाली आमचं.

बाजाराच्या रकान्यात संकेश्वर. वाचून दाखवलं तर म्हणाली, "मग? मिरची घेऊन तुझे आजोबा दुसरीकडं कुठं जाणार होते?"

पण एक अडलंय. आई शपथेवर सांगते, आमचा मळा होता, विहीर होती, ऊस होता. तक्त्यात बागायतीचा रकाना कोरा. तिला अजून सांगितलेलं नाही. वाईट वाटेल.

मोडीवाचक:
सांगा बिनधास्त. तो तक्ता पिकाचा नाही, साऱ्याचा आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानुसार शेतकऱ्यानं पदरच्या पैशानं केलेल्या सुधारणेवर फेरआकारणीत जादा सारा लावायचा नसे. घरच्या पैशानं विहीर खणली असेल, तर मळा हिरवागार असूनही सरकारच्या वहीत तो जिरायतच. शिवाय अहवाल एका वर्षाचा. विहीर नंतरही खणली असेल. रकाना कोरा म्हणून मळा नव्हता, असं होत नाही.

वडगावकरीण:
आत्ताच सांगितलं. म्हणाली, "विहीर माझ्या आजोबांनी खणली, सरकारनं नव्हे. त्यांना काय विचारायचं त्यात?"