गेझा वेर्मेश वाचावा का?

माळरान:
मंडळी, डेड सी स्क्रोल्सबद्दल, म्हणजे मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या दोनेक हजार वर्षं जुन्या यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांबद्दल, काहीही वाचायला घेतलं की गेझा वेर्मेश हे नाव येतंच. हंगेरीतल्या यहुदी घरात जन्म, लहानपणी कॅथलिक बाप्तिस्मा, मग पाद्री, मग पाद्रीपण सोडून ऑक्सफर्डला प्रोफेसर आणि शेवटी परत यहुदी. आमच्या वसईच्या बायबल ग्रुपमध्ये मी त्याचं 'जीझस द ज्यू' वाचूया म्हटलं तर एक काका म्हणाले ज्याने शपथ मोडली त्याचं येशूवरचं पुस्तक आपण कशाला वाचायचं. मला हे अजिबात पटलेलं नाही. कोणी त्याच्याबद्दल नीट सांगेल का?

जुनी_पानं:
काकांना आधी १९४४ सांगा. वेर्मेश १९२४ चा, माको गावचा. वडील पत्रकार, आई शिक्षिका, १९३१ मध्ये आईवडिलांसकट तिघांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे हंगेरीत जे यहुदीविरोधी कायदे आले ते माणूस कोणाच्या पोटी जन्मला ते बघायचे, बाप्तिस्म्याचा कागद बघत नव्हते. त्यामुळे कॉलेजचे दरवाजे बंद आणि १९४२ ला हा सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत गेला. १९४४ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य हंगेरीत घुसलं, आईवडिलांना नेलं ते परत आलेच नाहीत. हा चर्चमधल्या लोकांच्या मदतीने लपूनछपून वाचला. आणि युद्ध संपल्यावर काय झालं बघा, डॉमिनिकन या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाने यहुदी रक्ताचा म्हणून त्याला घेतलं नाही! शेवटी नोत्र दाम द सिऑन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या फादरांनी घेतला, आणि तो संघ मुळात यहुदी घरातून आलेल्या दोन भावांनी काढलेला. एवढं सोसून जो माणूस हिब्रू अरामी शिकत बसतो आणि १९५३ ला बेल्जियमच्या लूव्हेनमधून थेट मृत समुद्राच्या गुंडाळ्यांवर डॉक्टरेट करतो, त्याला धरसोड म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

माळरान:
हे माहीत नव्हतं. मग पाद्रीपण का सोडलं?

नदीकाठ:
पामेला हॉब्सन नावाच्या बाईंवर प्रेम जडलं, १९५७ ला संघ सोडून इंग्लंडला आला, १९५८ ला लग्न केलं. लपवाछपवी नाही, १९९८ च्या आत्मचरित्रात सगळं स्वतःच लिहिलंय. आधी न्यूकॅसलला शिकवलं, १९६५ पासून ऑक्सफर्ड, आणि १९७० मध्ये लंडनच्या लिबरल सिनगॉगचा, म्हणजे उदारमतवादी यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचा सभासद झाला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पाद्री असतानासुद्धा पॅरिसमध्ये सिऑनच्याच मासिकात तो आणि त्याचे सहकारी कॅथलिक शिकवणुकीतल्या यहुदीद्वेषाविरुद्ध लिहीत होते, म्हणजे कपडे बदलले तरी काम तेच चालू राहिलं.

खडूफळा:
माणूस मोठा, मान्य. पण पुस्तकावर बोलूया. १९७३ च्या त्या पुस्तकात तो येशूला गालीलातल्या, म्हणजे येशूच्याच मुलखातल्या, होनी आणि हनिना बेन दोसा अशा यहुदी सिद्धपुरुषांच्या रांगेत बसवतो. होनीने म्हणे जमिनीवर रिंगण आखलं, आत उभा राहिला आणि पाऊस पडल्याशिवाय हलणार नाही म्हणून देवालाच अडवून धरलं. वाचायला झकास, पण हनिनाच्या गोष्टी ज्या ग्रंथांत आहेत ते येशूनंतर पार दीडशे ते पाचशे वर्षांनी लिहिलेले, त्यावरून पहिल्या शतकातला गालील कसा उभा करणार? शिवाय होनी गालीलातलाच होता याला पुरावा काय? ही टीका इतर अभ्यासकांनीही केलीय.

जुनी_पानं:
टीका रास्त आहे, पण तुम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय ४ आणि तालमुद या यहुदी धर्मग्रंथातली हनिनाची गोष्ट शेजारी ठेवून वाचा ना. योहानात कफर्णहूम गावच्या अंमलदाराचा मुलगा तापाने फणफणलाय, येशू लांबूनच सांगतो जा, तुझा मुलगा वाचला, आणि वाटेत चाकर भेटून सांगतात काल सातव्या तासाला ताप गेला. तालमुदात गमलिएल या धर्मगुरूचा मुलगा आजारी, दोन शिष्य हनिनाकडे जातात, तो माडीवर जाऊन प्रार्थना करतो, खाली येऊन म्हणतो जा, ताप उतरला. ते दोघं वेळ लिहून ठेवतात, घरी कळतं की नेमक्या त्याच घटकेला पोराने प्यायला पाणी मागितलं. कोणी कोणाचं उचललं हा मुद्दाच नाही, येशू कुठल्या मातीतला ते यातून दिसतं, आणि शतकानुशतकं त्याला यहुद्यांच्या विरुद्ध उभं केलं गेलं तेव्हा नेमकं हेच पुसलं गेलं होतं.

नदीकाठ:
आणि गुंडाळ्यांसाठी तो भांडला तेही सांगायला हवं. १९४७ मध्ये सापडायला लागल्या, पण हजारो तुकडे मूठभर लोकांच्या ताब्यात, ना छापायचे ना दुसऱ्याला बघू द्यायचे. १९७७ ला वेर्मेशने जाहीर म्हटलं की तातडीने काही केलं नाही तर हा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा विद्यापीठीय घोटाळा ठरेल. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन लायब्ररीने फोटो सगळ्यांना खुले केले तेव्हा कुठे कोंडी फुटली. तोवर त्याचं १९६२ चं पेंग्विनचं इंग्रजी भाषांतर साध्या वाचकाला मोठा आधार होतं.

माळरान:
रविवारी ग्रुपमध्ये योहान ४ आणि हनिना दोन्ही मोठ्याने वाचणार, काकांनाही बोलावणार. गुंडाळ्यांचं त्याचं भाषांतर घ्यायचं तर कुठलं?

खडूफळा:
१९९७ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, जुनीत बरेच तुकडे नाहीत. आणि त्यातल्या युद्धाच्या गुंडाळीपासून सुरुवात नको, आधी त्या यहुदी पंथाच्या नियमांची गुंडाळी वाचा, एकत्र जेवण, सामाईक पैसा, नव्या माणसाची परीक्षा, सगळं त्यात आहे. नंतर बायबलमधला प्रेषितांची कृत्ये अध्याय २ काढा, पहिल्या ख्रिस्ती लोकांचंही तसंच सामाईक जगणं त्यात दिसेल.