दिवाळी आणि लहान मुलं: थोडक्यात निभावलेले प्रसंग (अनुभव धागा)

फटाक्यांबद्दल शाळेपासून सोसायटीपर्यंत सगळेच बजावतात. आम्हाला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दवाखाना दाखवला तो कापराने. तुमच्याकडे काय झालं, काय चुकलं, लिहा.

लेक अडीच वर्षांची होती. तबकात खडीसाखरेची वाटी, शेजारीच कापराच्या वड्या. तिने नेमक्या त्याच उचलल्या. कळलं ते तोंडाच्या वासावरून. सासूबाई मिठाचं पाणी करायला धावल्या, उलटी काढायला. नवऱ्याने अडवलं, तिला तशीच गाडीत घातली. वाटेतच झटका आला. डोळे फिरले, मूठ माझ्या पदरात आवळलेली. डॉक्टर म्हणाले, कापराने काही मिनिटांतच झटके येऊ शकतात; उलटी काढताना आला असता तर सगळं श्वासनलिकेत गेलं असतं. रात्रभर ठेवून घेतलं. आता कापूर वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डबीत.

*

बाप रे! आमचं चिवड्याचं. पाहुण्यांनी दीड वर्षाच्या पोराला कौतुकाने भरवला. हसता हसता ठसका लागला, पण लगेच खेळायला लागला. मग चार दिवस खोकला आणि आमचं आलं-मध चालू. एक्स-रेत काही नाही! शेंगदाणा त्यात दिसतच नाही म्हणे. डॉक्टरांना छातीच्या एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज आला म्हणून दुर्बीण घातली, तर अर्धा दाणा. चार वर्षांची होईपर्यंत अख्खा दाणा द्यायचा नाही, असं बजावलंय. आमच्या आईंना अजून पटत नाही. "तुम्ही काय हवेवर वाढलात का?"

*

फुलबाजी संपली की तार अंगणात टाकायची, ही आमची सवय. नातू अनवाणी धावत आला, तारेवर पाय. विझलेली दिसते, पण चांगली तापलेली असते. वीस मिनिटं नळाखाली पाय धरला. शेजारीण टूथपेस्ट घेऊन आली, तिला हात जोडले. आता पाण्याची बादली आधी, फुलबाज्या नंतर.

*

बॅटरीवरच्या पणत्या सुरक्षित म्हणून आणल्या आणि पोराने झाकण उघडून चपटा सेल गिळला. एक्स-रेत नाण्यासारखा दिसतो, फक्त कडेला दुहेरी रेघ. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजायला लागतो, म्हणून "शौचातून पडेल" म्हणत थांबू नका. आमचा पोटात उतरला होता, नशीब. स्क्रूचं झाकण असेल तरच घ्या.

*

गावाकडे कंदिलासाठी रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवतात, त्याचं काय करावं?

*

त्या बाटलीत ठेवूच नका, ताई. प्यायलंच कुणी तर उलटी काढायची नाही, ते फुप्फुसात उतरतं. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर 1800 116 117, फोन फुकट. मूल गुंगलं किंवा धाप लागली तर आधी 108.