मदत हवी आहे : फौंड्रीचा पंधरा वर्षांचा, क्वचितच लागणारा डेटा कमी खर्चात कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहानशी फौंड्री आहे आणि आम्ही पंप व हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी बीडाची कास्टिंग करतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, पण संगणकाचे काम पाहणारा वेगळा माणूस नाही. ते काम माझ्याकडेच आहे आणि माझे शिक्षण मेकॅनिकलचे आहे.

गेल्या पंधरा वर्षांत आमच्याकडे सुमारे ९ टीबी डेटा साठला आहे. त्यात ६ टीबी कास्टिंगच्या एक्स-रे फिल्मचे स्कॅन आहेत. २ टीबी ग्राहकांची ड्रॉइंग, पॅटर्नची (साचा बनवायच्या नमुन्यांची) थ्रीडी मॉडेल आणि त्यांच्या बदललेल्या आवृत्त्या यांनी व्यापली आहे. उरलेल्या जागेत तपासणीचे फोटो, टॅलीचे बॅकअप, बिलांच्या पीडीएफ आणि स्पेक्ट्रोचे (धातूतील घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचे) नव्वद हजारांवर रिपोर्ट आहेत. यातल्या बहुतेक फाइली वर्षातून एकदाही उघडल्या जात नाहीत, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी 'सापडत नाही' असे सांगून सुटका होत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका ग्राहकाने आठ वर्षांपूर्वीच्या कास्टिंगला तडा गेल्याचे कळवले आणि हीट नंबर (धातूच्या त्या वितळणीचा क्रमांक) देऊन त्या दिवसाचा स्पेक्ट्रो रिपोर्ट मागितला. ज्या हार्ड डिस्कवर तो होता ती कपाटातून काढून जोडली, तर नुसती टकटक वाजू लागली. आमच्या जुन्या क्वालिटी सुपरवायझरच्या लॅपटॉपवर प्रत निघाली म्हणून अब्रू वाचली. ऑगस्ट २०१९ च्या पावसात ऑफिसात पाणी शिरून एक डिस्क आधीच गेली होती. शिवाय फौंड्रीतली काळी धूळ आणि जून ते सप्टेंबर इथली दमट हवा यांत ही यंत्रे किती टिकतील याचा मला भरवसा वाटत नाही.

मी केलेला हिशेब असा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर क्वचित लागणाऱ्या डेटासाठी 'ग्लेशियर डीप आर्काइव्ह' हा वर्ग आहे, त्याचा अमेरिकेतील भाव दर जीबीला दरमहा ०.०००९९ डॉलर आहे. म्हणजे ९ टीबीला महिन्याला सुमारे ९ डॉलर, जीएसटी धरून हजार रुपयांच्या आसपास. हे वाचून मी हरखलो होतो. मात्र तिथून डेटा खाली उतरवायचा तर दर जीबीला सुमारे ०.०९ डॉलर पडतात, म्हणजे सगळा डेटा एकदा परत आणायचा झाला तर आठशे डॉलरच्या वर, सत्तर हजार रुपयांच्या घरात. ठेवायला हजार आणि सोडवायला सत्तर हजार, हे सोने गहाण ठेवण्यासारखे झाले. वर चढवण्याचेही तसेच आहे. आमच्या लाइनला ५० एमबीपीएसचा अपलोड मिळतो, त्यावर ९ टीबी अखंड चढवले तरी सतरा दिवस लागतील आणि इथे वीज सतरा दिवस अखंड राहत नाही.

दुसरीकडे कोल्हापूरचा एक विक्रेता जुना एलटीओ-६ टेप ड्राइव्ह (चुंबकीय फितीवर डेटा ठेवणारे यंत्र, सहावी पिढी) स्वस्तात देतो आहे. एका टेपवर २.५ टीबी मावते, म्हणजे चार टेपांत काम भागेल. टेप तीस वर्षे टिकते असे तो सांगतो. तो घ्यावा का? की दोन मोठ्या हार्ड डिस्क घेऊन एक ऑफिसात आणि एक टिळकवाडीतल्या घरी ठेवावी? कायद्याच्या दृष्टीने काय किती वर्षे ठेवणे भाग आहे, हेही कोणी नेमके सांगितले तर आभारी राहीन.

प्रतिसाद १

टेप तीस वर्षे टिकेल, पण तुम्हाला वाचणारा ड्राइव्हही तितकाच टिकायला हवा. एलटीओ-६ ची टेप एलटीओ-७ च्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येते, एलटीओ-८ ती घेत नाही. म्हणजे तुमचा जुना ड्राइव्ह बिघडला की पुन्हा जुना बाजार शोधणे आले. शिवाय तो जोडायला संगणकात सॅस नावाचे वेगळे कार्ड लागेल, ते विक्रेता देतो का ते विचारा. नवा ड्राइव्ह काही लाखांत जातो आणि ९ टीबीसाठी तो खर्च मला पटत नाही. हार्ड डिस्कच घ्या, मात्र एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) नको, कारण वीज न लावता ती वर्षानुवर्षे पडून राहिली तर डेटा उडू शकतो. डिस्क दर सहा महिन्यांनी जोडून तपासा आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून त्याची यादी वेगळी ठेवा, नाहीतर फाइल उघडते की नाही एवढेच कळेल, ती बदलली आहे का ते कळणार नाही.

प्रतिसाद २

मी अकाउंट्सच्या बाजूने सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे. वह्या संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे कंपन्यांना बंधनकारक आहे, म्हणून अमेरिकेतला स्वस्त दर टॅलीच्या कामाचा नाही. टॅलीचा डेटा थोडाच असतो, तो ॲमेझॉनच्याच मुंबई विभागात ठेवा, दर जास्त असला तरी रक्कम किरकोळ येईल. ग्राहकांची ड्रॉइंग देशाबाहेर ठेवायला करारात परवानगी आहे का, तेही आधी पाहा.

सत्तर हजारांची भीती मात्र अर्धीच खरी आहे. घरची आणि ऑफिसातली अशा दोन्ही डिस्क एकदम गेल्या तरच सगळे खाली उतरवावे लागेल. एखादा रिपोर्ट हवा असेल तर महिन्याला पहिले १०० जीबी खाली उतरवणे फुकट असते, फक्त बारा तासांपर्यंत थांबावे लागते आणि आर्काइव्हमधून काढण्याचे किरकोळ शुल्क पडते. १८० दिवसांच्या आत काही काढून टाकले तरी पूर्ण मुदतीचे पैसे लागतात, म्हणून रोज बदलणाऱ्या फाइली तिथे टाकू नका. स्पेक्ट्रोचे रिपोर्ट सुटे चढवू नका. प्रत्येक फाइलमागे ४० केबी जादा जागेचे पैसे लागतात. रक्कम लहान असते, पण नव्वद हजार सुट्या फाइली मागवत बसणे त्रासाचे आहे. हीट नंबरांच्या पट्ट्यांनुसार झिप करा आणि कोणता नंबर कोणत्या झिपमध्ये आहे याची यादी ऑफिसात ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कोल्हापूरचा ड्राइव्ह रद्द केला. दोन डिस्क घेतो, तिसरी प्रत क्लाउडवर रात्रीच्या वेळी थोडी थोडी चढवतो आणि टॅली मुंबईला ठेवतो. झिपला पासवर्ड लावून तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार आहे.

आठ वर्षांपलीकडची टॅली काढून टाकावी असे मी घरी सुचवले, तर वडील म्हणाले, "राहू दे, कुठे भाकरी मागते आहे?" तेव्हा तीही राहील. एक शंका उरते. एक्स-रेचे स्कॅन टिफ या मोठ्या आकाराच्या चित्र-फाइलींमध्ये आहेत. ते जेपीईजीमध्ये (बारकावे थोडे गाळून आकार लहान करणाऱ्या प्रकारात) बदलले तर जागा खूप वाचेल, पण बारीक भेग दिसेनाशी होईल का? रेडिओग्राफीचे काम करणारे कोणी इथे असेल तर कृपया सांगावे.